सोडलेली जागा

१

सांगलीत बँडवाले कमी नव्हते, पण फर्माईश आली आणि अडला असं कधी झालं नाही, असा एकच होता, कृष्णात. वरात चौकात थांबायची. नवऱ्या मुलाचा कुणी मामा फेटा सावरत पुढं यायचा आणि स्वतःच्या लग्नात वाजलेलं जुनं गाणं मागायचा. रजेवर आलेल्या फौजीला पठाणकोटकडं कुठंतरी ऐकलेलं गाणं हवं असायचं. त्याला शब्द येत नसायचे, नुसता हात हलवून तो चाल दाखवायचा. अथणीकडचं वऱ्हाड असलं की कानडी पदं. कृष्णात ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि क्लॅरनेट ओठाला लावायचा. 'येत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

ही सवय हरिबा मास्तरांनी लावलेली. कृष्णात साताऱ्याकडच्या औंधाजवळच्या वस्तीवरून सांगलीत आला तो वखारीत पोती उचलायला. पोतं पाठीवर असतानाही हा गडी शीळ घालायचा. मास्तर बाजारात गूळ घ्यायला आले होते, ते गूळ विसरून त्याच्यामागं चालत राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी कृष्णातला घरी नेलं, जेवू घातलं, वस्तीवरच्या आईला येता आलं नाही तरी त्याचं लग्न सांगलीतच लावून दिलं आणि बँडमध्ये आपल्या शेजारी उभं केलं.

मास्तरांची शिकवायची रीत वेगळी होती. कागद नाही, स्वर लिहून घेणं नाही. ते एक ओळ वाजवायचे आणि थांबायचे. जेवढी ओळ, तेवढीच जागा मोकळी सोडायचे. त्या जागेत कृष्णातनं उत्तर द्यायचं. चुकलं तर मास्तर रागवायचे नाहीत. तीच ओळ पुन्हा वाजवायचे आणि पुन्हा तेवढीच जागा सोडायचे. एखाद्या गाण्यासाठी अख्खी दुपार गेली तरी त्यांचा आवाज चढायचा नाही.

गाणी गोळा करायची तऱ्हाही तसलीच. दोघं टॉकीजमध्ये पुढच्या बाकावर बसून एका गाण्यापायी तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायचे. गावोगाव जत्रेत बायका फेर धरायच्या, तिथं कडेला उभं राहून कान द्यायचे. मास्तर म्हणायचे, "गाणी लय ठेवायची, किस्ना. कोण कवा काय मागंल सांगता येत न्हाई. मागणारा नुसतं गाणं मागत नसतो रं. त्येचं काईतरी हरवल्यालं असतंय, ते परत मागत असतो. त्येला न्हाई म्हनू नये."

पंचाहत्तर सालचे गणपती बसवून-उठवून मास्तरांना ताप भरला आणि नवरात्राच्या आत ते गेले. बँडमध्ये पुढची जागा कृष्णातकडं आली. लग्नसराई तोंडावर होती. लोक म्हणायचे, आता सगळी गाणी कृष्णातकडं. त्याला मात्र पक्कं ठाऊक होतं की मास्तरांकडची निम्मी गाणीसुद्धा त्याच्याकडं उतरली नव्हती.

२

गावभागात कृष्णातच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीची भिंत जिनदत्त शेटच्या हळदीच्या गोदामाला लागून होती. हळदीचा हंगाम अजून लांब होता, त्यामुळं गोदाम रिकामं आणि कुलूपबंद. दुपारी जेवणं झाली की कृष्णात मागच्या खोलीत रियाजाला बसायचा. हळदीचा वास भिंतीत मुरलेला, तो उन्हानं वर यायचा. लीलाबाई, त्याची बायको, पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन चालवायची.

अशाच एका दुपारी त्यानं एक ओळ वाजवली आणि वाद्याच्या तोंडची पत्ती ओली करायला थांबला. तेवढ्यात भिंतीपलीकडं क्लॅरनेट वाजलं.

त्याला वाटलं, आवाज घुमला. रिकामं गोदाम, वर पत्रा, घुमणारच. पण घुमलेला आवाज आपलंच परत देतो, आणि ही ओळ त्यानं वाजवलेली नव्हती. त्याच्या ओळीच्या पुढची होती. मग वाटलं, शेजारी कुणाचा रेडिओ असेल. तो कान देऊन बसला. पलीकडं काहीच नव्हतं. पण ती शांतता नुसती शांतता नव्हती. कुणी बोलून झाल्यावर आपल्या तोंडाकडं बघत थांबतं, तशी होती.

मग तीच ओळ पुन्हा आली. पुन्हा तेवढीच जागा.

कृष्णातच्या हातांनी त्याला विचारलं नाही. बोटं आपसूक बसली आणि त्यानं उत्तर दिलं. ते चुकलं. पलीकडून तीच ओळ पुन्हा आली, जराही न रागावता.

संध्याकाळपर्यंत त्याला एक नवं कानडी पद आलं होतं. रियाज आटोपून तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. लीलाबाईनं मशीन थांबवून विचारलं की कोण आलं होतं, दोघं वाजवत होता ना. तो म्हणाला, कुणी नाही. तिनं दोन कप चहा केला होता. त्यातला एक ती परत आत घेऊन गेली.

त्याच आठवड्यात जतच्या वाटेवरच्या एका गावात वरात होती. नवरीच्या म्हाताऱ्या आजोबांनी काठी टेकत येऊन नेमकं तेच कानडी पद मागितलं. कृष्णातनं वाजवलं. म्हातारा रस्त्यात मध्येच खाली बसला आणि लहान मुलासारखा हसायला लागला.

३

पुढं हे चालूच राहिलं. दुपारी भिंतीपलीकडून जे गाणं येई, ते चार-आठ दिवसांत कुणीतरी मागत असे. हळदीचं गाणं आलं, की बुधगावात एखादी आत्या तेच धरून बसायची. लेझमीची जुनी चाल आली, की तालमीतली पोरं तीच मागायची. कृष्णातचं नाव मिरज, तासगाव, विटा असं पसरत गेलं. सुपाऱ्या आधीपासून ठरायला लागल्या.

तो मनाला समजावायचा. मास्तर बारा गावचं पाणी प्यालेले. त्यांनी हे सगळं कधीतरी वाजवलेलं असणार, ते आपल्या कानात पडून राहिलेलं असणार, आणि आता गरजेला वर येत असणार. पलीकडं कुणी नाही, आपणच आहोत. असं म्हटलं की बरं वाटायचं. पण एकदा जे गाणं आलं त्याचा सिनेमा सांगलीत अजून लागायचा होता. मास्तरांना जाऊनही तेव्हा बरेच महिने झाले होते.

शेवटी त्यानं काहीतरी कारण सांगून जिनदत्त शेटकडून गोदाम उघडवून घेतलं. शेट साधा माणूस, मास्तरांचाही दोस्त. दोघं आत गेले. जमिनीवर मागच्या हंगामाची पिवळी भुकटी पसरलेली, मऊ आणि सपाट. तिच्यावर उंदराचीही पावलं नव्हती. कृष्णातच्या खोलीकडच्या भिंतीत एकही फट नव्हती. शेट हळदीचे भाव सांगत होते आणि कृष्णात मान हलवत होता.

तेवढ्यात क्लॅरनेट वाजलं. आवाज भिंतीपलीकडून, कृष्णातच्या खोलीतून येत होता.

शेट बोलता बोलता थांबले. "घरी कोण वाजवतंय?" त्यांनी विचारलं. ओळ संपली, जागा सुटली, आणि त्याच्याकडं वाद्य नव्हतं. मग त्यानं हळूच शीळ घालून उत्तर दिलं. शेटनी त्याच्याकडं नवलानं पाहिलं, पण पुढं काही विचारलं नाही. गाणं त्यांच्या ओळखीचं निघालं होतं. त्यांच्या गावाकडं, नदीपलीकडच्या जुन्या जैन बस्तीत पूजेच्या वेळी बायका ते म्हणायच्या. त्यांचे वडील आप्पासो हे गाणं गुणगुणायचे, असं ते म्हणाले.

आप्पासो अंथरुणाला खिळलेले होते. दोन-तीन दिवसांनी शेट स्वतः बोलवायला आले. वडिलांनी गाणं ऐकायचं मनात घेतलं होतं. कृष्णातनं त्यांच्या उशाशी बसून वाजवलं. म्हातारबुवांच्या सुरकुत्या सैल होत गेल्या. गाणं संपता संपता त्यांनी मोठा श्वास सोडला, आणि पुढचा घेतलाच नाही. घरच्यांनी हात जोडले. शेट कृष्णातच्या गळ्यात पडून म्हणाले की असं मरण सगळ्यांना मिळत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर कृष्णात जेवला नाही.

४

मार्च संपत आला होता. जिनदत्त शेटच्या गोदामात हळद येऊन पडली होती, तरी दुपारचं वाजणं सुरूच होतं. पोत्यांतून आल्यामुळं आवाज जरा दबका झाला होता, एवढंच.

त्या दुपारी भिंतीपलीकडून आलेली ओळ अगदी साधी होती. सरळ तीन-चार सुरांची. कृष्णातनं क्लॅरनेट उचललं आणि तसंच मांडीवर ठेवलं.

ती त्याच्या आईची अंगाई होती. बनुबाईनं ती कुणाकडून घेतलेली नव्हती. तिनं स्वतःच जुळवली होती, कृष्णात तान्हा असताना, काम आवरता आवरता. घरातली एकेक वस्तू ती झोपवायची.

चूल निजली, जातं निजलं,
दारामधलं जोतं निजलं…

हे गाणं वस्तीबाहेर कधी गेलं नव्हतं. मास्तरांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. कृष्णातनंही ते कधी वाजवलं नव्हतं. पलीकडून ओळ आली, थांबली, आणि जागा सुटली.

त्यानं उत्तर दिलं नाही.

ओळ पुन्हा आली. तशीच मायेनं, तशीच न रागावता. त्यानं कान दाबून धरले. मग क्लॅरनेट पेटीत घालून पेटी खाटेखाली सरकवली आणि लीलाबाईला सांगितलं की मी आईकडं जाऊन येतो. तिनं विचारलं की वाद्य नेत नाही का, परवा विट्याला वरात आहे. तो म्हणाला, वरातीला दुसरं कुणीतरी जाईल. एवढ्या वर्षांत त्यानं असं म्हटलं नव्हतं.

एसटीतून उतरून तो वस्तीवर पोचला तेव्हा बनुबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मागं यमाईचा डोंगर उन्हात तापलेला. तिची तब्येत ठणठणीत होती. अवचित आला म्हणून तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, शेंगांची चटणी कुटली, भाकरी थापल्या. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. आपण खुळ्यासारखे पळत आलो, असंही वाटलं.

जेवणं झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "किस्ना, सगळ्या मुलखाला ऐकवतोस. मला म्हातारीला एक ऐकीव की. तुला निजवताना म्हनायची बघ मी, चूल निजली, जातं निजलं. त्ये वाजीव."

कृष्णातनं रिकामं ताट बाजूला सारलं.

"पिपाणी आणली न्हाई, आये."

"मग तोंडानं म्हन."

त्यानं खाली बघितलं. "त्ये मला येत न्हाई."

बनुबाई हसली. एवढं मोठं नाव झालं आणि आईचं गाणं येत नाही होय, असं काहीतरी म्हणाली आणि शेंगा पाखडायला उठली. तिला वाईट वाटलं होतं, ते तिच्या पाठीवरून कळत होतं. त्याला मात्र हायसं वाटलं. न्हाई म्हटलं म्हणजे वेळ टळली, असं त्याला वाटलं.

५

तो वस्तीवरच राहिला. आईची वैरण कापली, पाणी भरलं, छपराची कौलं फिरवली. लहानपणानंतर एवढे दिवस तो तिच्याजवळ कधी राहिला नव्हता. ती त्याला खाऊ घालायची, बापाच्या गोष्टी सांगायची, दुपारी त्याच्या डोक्यावर तेल घालायची. ते दिवस फार चांगले गेले.

मग बनुबाईच्या पोटात दुखायला लागलं. औंधाच्या डॉक्टरनी सुई दिली, साताऱ्याला न्यायला सांगितलं. साताऱ्याच्या डॉक्टरनी तपासलं आणि कृष्णातला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा, काय हवं नको ते बघा. एसटीतून परत येताना ती सगळी वाट त्याचा हात धरून होती.

ज्या दुपारी ती बाजेवर पडून राहिली, त्याच दुपारी आतल्या खोलीतून क्लॅरनेट वाजलं.

आतली खोली म्हणजे ज्वारीची कणगी, एक फाटकी झूल आणि अंधार. कृष्णातनं दार लोटून बघितलं. काही नव्हतं. आवाज थांबलाही नाही. तो फक्त थोडा मागं सरकला, कणगीच्या पलीकडं, जिथं नुसती दगडी भिंत होती. ओळ झाली, जागा सुटली.

"कोण रं त्यो?" बनुबाईनं बाजेवरून विचारलं. तिला ऐकू येत होतं.

कृष्णात म्हणाला की कुणी नाही, वारा आहे.

"न्हाई. चांगला वाजवतोय. पण अर्ध्यातच का सोडतोय?"

रोज दुपारी तेच. बनुबाईच्या दुखण्याला आता उतार नव्हता. तिला झोप लागायची नाही. गाण्याची ओळ सुरू झाली की तिचा चेहरा निवायचा, ती डोळे मिटायची. ओळ थांबली की डोळे उघडून वाट बघायची. पुढं काही यायचं नाही. पुन्हा कळ उठायची. कृष्णात तिचे पाय दाबत बसायचा आणि जबडा आवळून त्या मोकळ्या जागेकडं पाठ करायचा. आपण उत्तर देत नाही तोवर ती आहे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

लीलाबाई सांगलीहून आली. कुणी न सांगता ती क्लॅरनेटची पेटी घेऊन आली होती. तिनं सासूचं अंग पुसलं, केस विंचरले, पातळ पेज चमच्यानं पाजली. दुपार झाली. आतून ओळ आली, थांबली. बनुबाईनं डोळे उघडले, दाराकडं बघितलं आणि कण्हायला लागली.

लीलाबाईनं नवऱ्याला अंगणात बोलावलं. त्यानं तिला सगळं सांगितलं, भिंतीचं, आप्पासोंचं, या गाण्याचं. त्याचं सांगून झाल्यावर ती म्हणाली,

"आवं, तुमी वाजवलं न्हाई म्हनून आत्याबाई ऱ्हानार हायत का? त्या नुसत्या ताटकळत बसल्यात."

"माझ्या हातानं कसं गं करू?"

"मग कुनाच्या हातानं?" ती म्हणाली. "त्येंनी मागितलंय तुमच्याकडं."

६

त्यानं पेटी उघडली. क्लॅरनेटचे तुकडे जोडले, पत्ती तोंडात धरून ओली केली. बाजेशेजारी खाली मांडी घालून बसला. बनुबाईनं हात लांब करून त्याच्या केसांत बोटं घातली.

आतून ओळ आली. चूल निजली, जातं निजलं. जागा सुटली, आणि या वेळी कृष्णातनं ती भरली. दारामधलं जोतं निजलं. पहिल्याच खेपेला बरोबर आली.

पुढची ओळ आतून जरा जवळून आली. त्यानं उत्तर दिलं. बनुबाईचे ओठ हलत होते. खुंटीवरलं घोंगडं निजलं, गोठ्यातलं वासरू निजलं. तिची बोटं त्याच्या केसांत ताल धरत होती. प्रत्येक ओळीनं आवाज पुढं येत होता, कणगीपासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून या खोलीत. लीलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता. कृष्णातनं वर बघितलं नाही. बघायचा धीर झाला नाही, आणि बोटं चुकतील अशीही भीती होती.

मग बनुबाईनं डोळे उघडले. ती कृष्णातच्या डोक्यावरून पलीकडं, बाजेच्या पायथ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर पाहुणा आल्यावर बायकांच्या चेहऱ्यावर येते तशी लगबग आली. मास्तरांना तिनं कधी बघितलं नव्हतं. ते वस्तीवर कधी आले नव्हते.

"उभं का?" ती हळू म्हणाली. "बसा की."

आणि तिनं पाय जवळ ओढून घेऊन जागा करून दिली.

बाजेची दोरी करकरली. पायथ्याकडचं सुंभ ताणलं गेलं आणि खाली आलं, माणूस टेकल्यावर येतं तेवढं. कृष्णातला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

शेवटची ओळ पायथ्याकडून आली नाही. तिची जागा मोकळी ठेवली होती. ती सगळीच्या सगळी त्याची होती. सारी निजली, तूबी नीज. त्यानं ती वाजवली. जेवढा दम होता तेवढी लांबवली, आणि दम संपला तेव्हा सोडली. आईची बोटं केसांतून घरंगळून त्याच्या खांद्यावर आली आणि तिथंच राहिली.

लीलाबाई हुंदका देत पुढं आली. तिनं सासूच्या डोळ्यांवरून हात फिरवला. बनुबाईच्या तोंडावर कसलीही वेदना नव्हती.

कृष्णातनं क्लॅरनेट खाली ठेवलं आणि वळून पायथ्याकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. दोरी मात्र अजून दबलेली होती. तो गुडघ्यावर सरकत गेला आणि त्या जागेपाशी त्यानं डोकं टेकवलं. सुंभ उबदार होतं. ते हळूहळू सैल होऊन वर येईपर्यंत तो तसाच राहिला.